तबकडी धुवायचं यंत्र घेण्याआधी

 

घरातल्या जुन्या वस्तूंवर आम्ही मागे बोललो, तेव्हा एक प्रश्न चार-पाच गावांतून आला. घाटंजीकडच्या एका ताईंकडे सासऱ्यांच्या वेळच्या ग्रामोफोनच्या तबकड्या आहेत. दारव्ह्याच्या एका गटातल्या काकूंच्या घरी पूर्वी लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्नात भोंग्यावर वाजवायच्या रेकॉर्डी त्यांच्या माळ्यावर अजून थप्पीनं पडून आहेत. सगळ्यांचं विचारणं एकच: या रेकॉर्डी धुवायचं यंत्र मिळतं म्हणतात, तर स्वस्तातलं चांगलं कोणतं? गटातून पैसे काढून घ्यावं का?

आज त्यावरच बोलू. आधी एक गोष्ट सांगतो. भंगारवाला दारात आला आणि किलोच्या भावानं मागू लागला, तर तबकड्या लगेच देऊन टाकू नका. त्यांवर पुष्कळदा बायांचे आवाज आहेत. आपल्या देशात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९०२ साली कलकत्त्यात, आणि त्या पहिल्या गायकांमध्ये गौहर जान ही बाई होती. गाणं संपलं की ती स्वतःचं नाव सांगायची. आपल्याकडे पुण्याच्या सुंदराबाई, हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्ना भोळे यांची गाणी तबकड्यांवर निघाली आणि गावोगाव पोचली. ज्या काळी घरातल्या बाईनं चारचौघांत गाणं बरं मानत नसत, त्या काळी या बायांचा आवाज वाड्यावाड्यांत वाजत होता. मळ बसला म्हणून तो भंगारात जाऊ नये.

आता तबकडी ओळखायची कशी ते पाहू. यंत्राच्याही आधी हे कळायला पाहिजे, कारण इथं चूक झाली तर तबकडी कायमची जाते. तबकड्या मुख्यतः दोन जातीच्या असतात.

पहिली जात लाखेची. ही जुनी, जड आणि ठिसूळ असते. हातातून पडली की काचेसारखी फुटते. एका बाजूला एकच गाणं, तीनेक मिनिटांचं. बहुतेक १० इंचांची असते आणि मिनिटाला ७८ फेरे फिरते, म्हणून पुष्कळ कागदांवर ७८ हा आकडा दिसतो. आपल्याकडे अशा तबकड्या १९६० च्या दशकापर्यंत येत होत्या. लाख म्हणजे कोणती? तीच, जी पळसावर, बोरीवर, कुसुंबावर किडा तयार करतो. आपण लाखेच्या बांगड्या घालतो, पोकळ दागिन्यात सोनार लाख भरतो, तीच ही. त्या लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तबकडी दाबत. जगभर या कामाला लागणारी लाख मोठ्या प्रमाणात भारतातूनच जायची.

दुसरी जात प्लॅस्टिकची, तिला व्हिनाइल म्हणतात. ही हलकी असते आणि थोडी लवते. मोठी १२ इंचांची, मिनिटाला ३३ फेऱ्यांची, एका बाजूला पाच-सहा गाणी. लहान ७ इंचांची, ४५ फेऱ्यांची. सिनेमाची गाणी, भक्तिगीतं, कथाकीर्तनं यांच्या पुढच्या काळातल्या रेकॉर्डी बहुतेक याच जातीच्या.

शंका असेल तर काठावर नखानं हलकेच टिचकी मारा. लाखेची तबकडी कडक, खणखणीत वाजते. प्लॅस्टिकची बद्द वाजते. वाकवून मात्र पाहू नका, लाखेची असेल तर तिथंच तुटेल.

ही ओळख एवढी महत्त्वाची का? सुतार लाकडाला पॉलिश करतो तेव्हा चपडी लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये. आता तेच स्पिरिट लाखेच्या तबकडीवर ओतलं तर काय होईल? मळाबरोबर गाणंही विरघळेल. दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ रेकॉर्ड धुण्याच्या पाण्यात स्पिरिट, म्हणजे अल्कोहोल असतं. म्हणून बाटली घेताना त्यावर काय लिहिलंय ते शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्या. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल नाही, सॅनिटायझर नाही, रॉकेल नाही, अत्तरही नाही.

आता यंत्रांकडे येऊ. बाजारात चार प्रकार आहेत.

पहिला प्रकार नुसता ब्रश. बारीक कार्बनच्या धाग्यांचा किंवा मखमली. वरची धूळ काढायला चांगला, काही शेकड्यांत येतो. पण बुरशी, तेलाचे हात, चिकटलेला मळ यानं निघत नाही.

दुसरा प्रकार हातानं फिरवायचं टाकं. अरुंद उभं भांडं असतं, त्यात पाणी भरायचं, दोन्ही बाजूंनी ब्रश असतात, मधून तबकडी उभी धरून गोल फिरवायची. दोन्ही बाजू एकदम धुतल्या जातात. अमेरिकेची स्पिन-क्लीन १९७५ पासून विकली जाते, जर्मनीची क्नोस्टी त्याच जातीची. वीज लागत नाही. बाहेरून मागवायची म्हणून वाहतूक आणि कर धरून काही हजारांत जाते.

तिसरा प्रकार ओढून घेणारं यंत्र. यात तबकडी थाळीवर ठेवून ओली करतात, घासतात आणि मग मोटार मळकं पाणी शोषून घेते. काम चांगलं होतं, पण आवाज मोठा, वीज लागते आणि किंमत पाच आकडी.

चौथा प्रकार ध्वनिलहरींचा. पाण्यात कानाला ऐकू न येणाऱ्या लहरी सोडतात, त्यानं बारीक बुडबुडे उठतात आणि मळ सुटतो. सोनाराकडे दागिने असेच धुतलेले तुम्ही पाहिले असतील. रेकॉर्डीसाठी बनवलेली ही यंत्रं पाच आकडी, काही तर लाखाच्या घरात. ठिसूळ लाखेच्या तबकडीला हा प्रकार आम्ही सुचवणार नाही.

मग निवडायचं कसं? मैत्रिणींनो, यंत्राची चमक पाहू नका, मोटार किती मोठी ते पाहू नका. एकच विचारा: मळकं पाणी कुठं जातं?

कपडे धुताना आपल्याला हे चांगलं ठाऊक आहे. साबण लावून घासलं आणि त्याच पाण्यात पिळून वाळत घातलं, तर कपडा स्वच्छ होतो का? मळ तिथंच बसतो. रेकॉर्डीचंही तसंच. तिच्यावरची रेघ केसाहून बारीक असते, आणि वीस मिनिटं वाजणाऱ्या एका बाजूची ती एकच रेघ उलगडली तर चारशे मीटरहून लांब भरेल. तेवढ्या लांब, तेवढ्या अरुंद पाटातून मळ बाहेर काढायचा आहे. जे यंत्र मळ सोडवतं पण पाणी तिथंच वाळू देतं, ते महाग असलं तरी उपयोगाचं नाही. आणि जिथं स्वच्छ पाण्यानं पुन्हा खळबळून पाणी टिपून घेता येतं, ती साधी पद्धतही चांगली.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्या जिल्ह्यात बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी क्षाराचं आहे. केळापूर, झरी जामणीकडे तर फ्लोराइडचा त्रास आपण वर्षानुवर्षं ऐकतो. चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो तसाच थर रेकॉर्डीच्या रेघेत बसतो आणि मग करकर वाजते. यंत्र कितीही भारी घ्या, पाणी बोअरचं वापरलं तर पैसा पाण्यात गेला. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी मिळतं, शेवटचं खळबळणं त्यानं करा. ते प्यायचं नाही, बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

यंत्र घ्यायचंच असेल तर दुकानदाराला आणखी एवढं विचारा. ७, १० आणि १२ इंच अशा तिन्ही मापांना चालतं का? मधला कागद कोरडा राहतो का? ब्रश झिजले तर सुटे मिळतात का, की सगळं यंत्रच बदलायचं? धुण्याचं पाणी त्याच कंपनीचं लागतं का? पुष्कळदा यंत्र परवडतं आणि दर वेळची बाटली परवडत नाही.

आता हिशोब करू. समजा टाकं ८,००० रुपयांना पडलं आणि तुमच्या घरी ४० तबकड्या आहेत. म्हणजे एक तबकडी धुवायला २०० रुपये. हे पैसे गटातून शेकडा दोननं उचलले तर पहिल्याच महिन्याचं व्याज १६० रुपये. आणि एकदा ४० तबकड्या धुऊन झाल्या की यंत्र माळ्यावर जाणार. पण त्याच टाक्यावर दहा घरांच्या मिळून ४०० तबकड्या धुतल्या तर एकीला २० रुपये. म्हणून आमचं सांगणं असं की आधी गावात, शेजारच्या गावात मोजणी करा. जुने साऊंड सर्व्हिसवाले, निवृत्त गुरुजी, भजनी मंडळ, वाडे, सगळीकडे विचारा. आकडा शंभराच्या आत असेल तर यंत्र नको. आणि गटाचा पैसा काढायचा असेल तर मृगाच्या तोंडावर काढू नका. त्या दिवसांत बियाणं, खत आणि शाळेची वह्या-पुस्तकं यांसाठी बहिणी रांगेत असतात. त्यांचा हक्क आधी.

थोड्या तबकड्या असतील तर घरीच धुवायची पद्धत सांगतो. खर्च शे-दोनशेच्या आत.

दहा सेंटिमीटर रुंदीची प्लॅस्टिकची दोन झाकणं घ्या. मधोमध भोक पाडा. सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल तुकडे कापून झाकणांच्या आतल्या बाजूला लावा. तबकडीच्या दोन्ही बाजूंना एकेक झाकण ठेवून, मधल्या भोकातून सहा मिलिमीटरचा नटबोल्ट आरपार घाला आणि हातानंच बेतानं आवळा. पाना लावू नका, लाखेची तबकडी तडकेल. आता मधला कागद झाकला गेला.

बुरशी दिसत असेल तर आधी अंगणात, तोंडाला ओढणी बांधून, मऊ ब्रशनं ती झाडा. घरात झाडू नका, खोकला होतो. मग घमेल्यात कोमट नाही, साधं पाणी घ्या, त्यात भांड्याच्या पातळ साबणाचे दोन थेंब. मखमलीचा तुकडा किंवा एकदम मऊ ब्रश ओला करून रेघेच्या दिशेनं, म्हणजे गोल गोल फिरवा. आडवं घासू नका. साबण निघेपर्यंत दुसऱ्या पाण्यानं खळबळा. शेवटी बॅटरीचं पाणी. नंतर धागे न सुटणाऱ्या मऊ फडक्यानं पाणी टिपा आणि ताटं ठेवायच्या स्टँडमध्ये सावलीत उभी करा. उन्हात ठेवली तर पापडासारखी वाकेल. लाखेची तबकडी पाण्यात भिजत टाकू नका, झटपट धुवा आणि लगेच टिपा. चीर गेलेली असेल तर तिला पाणीच लावू नका.

वाळल्यावर जुन्या मळक्या पाकिटात परत घालू नका. धुतलेलं ताट खरकट्या टोपलीत ठेवण्यासारखं होईल ते. नवीन कागदी पाकीट करा. जुनं पाकीट फेकू नका, त्यावर गायिकेचं, कवीचं नाव असतं. तबकड्या आडव्या थप्पीनं न ठेवता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. टिनाच्या खाली मुळीच नको, आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो.

आणि वाजवताना लक्षात ठेवा, लाखेच्या तबकडीची सुई जाड असते, प्लॅस्टिकची बारीक. एकीची सुई दुसरीवर चालवू नका. सुई चुकीची असेल तर धुण्याची सगळी मेहनत एका वाजवण्यात जाते.

शेवटी एक काम सांगतो, याला पैसा लागत नाही. या आठवड्यात गटाच्या बैठकीला एक वही न्या. कोणाच्या घरी किती तबकड्या आहेत, लाखेच्या किती, प्लॅस्टिकच्या किती, त्यांवर कोणाकोणाची नावं आहेत, एवढं लिहा. वाचता येणाऱ्या पोरीसोरी हे काम आनंदानं करतील आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्यापाशी बसून सांगायला पुष्कळ असेल. यादी झाली की यंत्र घ्यायचं की नाही ते आपोआप ठरेल. आणि पुढं कोणी तबकड्या विकत मागायला आलं, तर आपल्याकडे काय आहे ते आपल्याला माहीत असेल. माहीत असलेली वस्तू किलोवर जात नाही.

यादी झाली की आम्हाला नक्की कळवा. पुढच्या वेळी उन्हाळी वाळवणाच्या पॅकिंगबद्दल बोलू. तोवर सगळ्या जणींना नमस्कार.