पंचेचाळीस सेकंद



२००९ साली एम.एस.साठी अमेरिकेतल्या विद्यापीठांकडे अर्ज करताना मी टोफेल दिली. वाचन, ऐकणं, बोलणं, लिहिणं. प्रत्येकी ३०, एकूण १२० गुण. वाचनात २८ मिळाले, बोलण्यात १९! मला हव्या असलेल्या विद्यापीठात टीचिंग असिस्टंट व्हायला बोलण्यात २६ लागत. ते काम मिळालं नसतं, तर फी परवडणार नव्हती.

चुकलं कुठे? पहिल्या प्रश्नाला विचार करायला १५ सेकंद, उत्तराला ४५. मी मनात मराठी वाक्य जुळवून त्याचं इंग्रजी करत बसलो. वेळ संपली.

मग बाईंचा भूगोलाचा तास आठवला. पुस्तक मिटायला लावून त्या म्हणायच्या, "आधी मुद्दा, मग कारण, मग उदाहरण." महिनाभर घड्याळ लावून तसंच बोललो, थेट इंग्रजीत. दुसऱ्या खेपेला २६ मिळाले.

बाई, तुम्ही शिकवलंत मराठीत, कामी आलं इंग्रजीत. टोफेलचे गुण दोनच वर्षं चालतात. तुमची ती सवय मला अजून पुरते आहे.