परदेशातील मोटार स्वदेशी आणताना
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर बोलावे की नाट्यसंगीतावर, असा पेच आमच्यापुढे नव्हता. कार्यवाहांनी विषय ठरवूनच दिला. आमचे आयुष्य गोदीच्या दारात गेले. त्यामुळे गणेशोत्सवात आरती संपताच कोणी ना कोणी आम्हाला बाजूला घेऊन विचारतो, “मुलगा विलायतेहून कायमचा परततो आहे. त्याची गाडी आणता येईल का हो? एजन्सी सगळे करून देते म्हणे.” त्या प्रश्नाचे उत्तर आज एकदाच सर्वांना देतो.

ज्या पिढीने उत्तरपाड्याच्या अ‍ॅम्बॅसडरसाठी किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिली, तिला परदेशी गाडीचे अप्रूप वाटणे स्वाभाविकच होय. वापरलेली गाडी आणण्याची वाट एप्रिल २००१ मध्ये खुली झाली खरी, परंतु तिच्यावर अटींचे काटे पुष्कळ पेरलेले आहेत.

तेव्हा पहिला प्रश्न एजन्सीच्या दराचा नव्हे, स्टिअरिंगचा. ते उजव्या बाजूस हवे. अमेरिका, जर्मनी, दुबई येथील गाड्या बहुधा येथेच बाद होतात. इंग्लंड, जपान, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, केनिया येथून येणाऱ्यांनी पुढे ऐकावे. गाडी ३ वर्षांहून जुनी चालत नाही, आणि हे वय मोजायचे ते कारखान्यात तयार झाल्या दिवसापासून, खरेदीच्या पावतीपासून नव्हे. विक्रेत्याच्या दालनात सहा महिने उभी असलेली गाडी घरी येते तीच सहा महिन्यांची होऊन! वेग दाखविणारी तबकडी किलोमीटरची हवी. विलायतेत मैलांचे राज्य अजून आहे. दिव्यांचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीस साजेसा हवा, आणि जहाजावर चढण्यापूर्वी तिकडच्या तपासणी संस्थेचा दाखला हवा. कायमच्या परतणाऱ्यांना काही अटींत सूट मिळू शकते. आपल्याला ती लागू आहे की नाही, हे तिकडून निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

आता एजन्सीविषयी. तिकडचा माणूस गाडी कंटेनरमध्ये घालतो, किंवा ज्या जहाजात मोटारी चालवीत नेऊन उभ्या करतात त्यात चढवितो. इकडचा परवानाधारक कस्टम्स ब्रोकर, ज्याला गोदीत अजूनही क्लिअरिंग एजंट म्हणतात, तो कागद दाखल करून ती सोडवितो. दोघेही उपयोगाचे आहेत. त्यांच्यावाचून सामान्य माणसाने या व्यवहारात पडूच नये, असे आमचे मत आहे. परंतु ‘घरपोच’ म्हणून जो आकडा सांगितला जातो, त्यात सीमाशुल्क बहुधा नसते. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात ‘बॅगेज’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तीतून मोटार स्पष्टपणे वगळलेली आहे. म्हणजे फ्रिज आणि पुस्तकांबरोबर घरच्या सामानात ती धरली जात नाही. वापरलेल्या गाडीवरील सर्व करांची बेरीज गाडीच्या किमतीहूनही अधिक भरते. ती किंमतही आपण सांगू तीच मानली जाईल असे नाही.

आमच्या पाहण्यातील एका गृहस्थांना तिकडच्या मध्यस्थाने कमी रकमेची पावती करून दिली होती. अधिकाऱ्यांनी त्या मॉडेलची छापील किंमत काढून समोर ठेवली. फरकाची रक्कम, दंड आणि तोवर चढलेले डेमरेज या सर्वांचा भार त्या गृहस्थांवर पडला, कारण कागदावर आयातदार म्हणून त्यांचीच सही होती. मध्यस्थाचा फोन त्या दिवसापासून लागेना. त्यांच्या पत्नीने मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव मोडली, हे आम्हाला फार नंतर कळले. म्हणून आम्ही विचारणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना सांगतो, गाडी तिकडेच विकावी आणि पैसे आणावेत. दहावा ऐकत नाही, पुढचे त्याच्यासाठी.

खिदिरपूरची गोदी आपल्या उशाशी आहे. तरीही वापरलेली गाडी उतरवावी लागते ती मुंबई बंदरातच. तेथून सुटण्यापूर्वी तिची चाचणी व्हावी लागते, आणि त्यासाठी नेमलेल्या संस्थांत पुण्याची एआरएआय व अहिल्यानगरची, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरची, व्हीआरडीई या प्रमुख होत. आपल्यापैकी कित्येकांचे दहा दहा वर्षांत पुण्यास जाणे होत नाही. गाडीला मात्र तो योग येतो. या काळात बंदराचे भाडे चालूच असते. उतरल्यापासून ३० दिवसांत माल न सोडविल्यास नोटीस देऊन तो विकण्याची तरतूदही कायद्यात आहे. म्हणून जहाज लागण्यापूर्वीच कागद ब्रोकरच्या हाती असावेत, आणि चाचणीचा खर्च व वेळ त्याच्याकडून आधीच लिहून घ्यावा.

गाडी ट्रेलरवर लादून कोलकात्यास आणावी. येथे बेलतळ्याच्या परिवहन कार्यालयात नोंदणी होते आणि राज्याचा कर पुन्हा वेगळा भरावा लागतो. तेथे बिल ऑफ एंट्री मागतात. मुंबईहून निघताना ते गाडीच्या खणात ठेवू नये, स्वतःजवळ बाळगावे.