खुरांचा रस्सा आणि ज्वारीची भाकर

(जिल्हा बैठकीत दुपारच्या जेवणाआधी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण कापसाच्या भावावर बोललो. बोलून पोट भरत नाही. मागे पऱ्हाट्यांच्या जाळावर जे मोठे पातेले दिसते, त्यात बोकडाचे खूर आहेत. रात्रीपासून शिजत आहेत. ज्यांच्या गळ्यात माळ आहे त्यांच्यासाठी वांग्याची भाजी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात केली आहे. भाकरी सगळ्यांच्या एकच, ज्वारीच्या. पंगत बसेपर्यंत त्या पातेल्याबद्दलच चार गोष्टी सांगतो.

शेतकऱ्यांच्या बैठकीत खुरांवर भाषण कशाला, असे कोणाच्या मनात येईल. थोडे थांबा. भाषण चुलीपासून सुरू होईल आणि हिशोबावर येईल. आपल्या घरातल्या सगळ्याच गोष्टींचे असे असते.

वाटे

आमच्या लहानपणी गावात मटणाचे दुकान नव्हते. उलंगवाडी झाली, कापूस विकून हातात दोन पैसे आले, किंवा पोळ्याची कर आली, म्हणजे दहा-बारा घरे मिळून एक बोकड घेत. कडुनिंबाखाली बोकड पडे आणि पळसाच्या पानांवर वाटे मांडले जात. प्रत्येक वाट्यात मांडीचा तुकडा, बरगडीचा तुकडा, थोडी कलेजी, थोडी वजडी. वाटे झाले की एका पोराला पाठमोरे उभे करत. मागून कोणी वाट्यावर बोट ठेवून विचारे, "हा कोणाचा?" पोरगे तोंडाला येईल ते नाव घेई. ज्याचे नाव, त्याचा वाटा. पाटील असो की सालदार, तक्रारीला जागा नव्हती. एवढा सरळ लिलाव आम्ही पुढे कोणत्याही बाजारात पाहिला नाही.

मुंडी आणि खूर वाट्यात बसत नसत. ती कापणाऱ्याला जात किंवा कोणी दोन-चार रुपयांत घेई. खरे सांगायचे तर ज्या घरी मुंडी गेली त्या घरचा वास आमच्या घरापर्यंत येई आणि आपला वाटा आम्हाला फिका वाटू लागे.

चुलीपाशी

खुरात मांस जवळजवळ नसतेच. कातडी, शिरा आणि हाड. म्हणून ते स्वस्त. आधी जाळावर भुंजायचे, सुरीने काळे केस खरवडायचे, पुन्हा भुंजायचे, गरम पाण्याने स्वच्छ करायचे. मग हळद-मीठ घालून इंगळावर ठेवायचे आणि घाई विसरायची. मोठा जाळ केला की पाणी आटते आणि शिरा चामड्यासारख्या राहतात. मंद आचेवर सहा-आठ तासांत शिरा-कातडीतला चिवटपणा पाण्यात उतरतो. रस्सा दाट होतो, ओठाला ओठ चिकटतो. थंडीच्या दिवसांत सकाळी पातेले उघडले तर रस्सा वडीसारखा थिजलेला असतो. मांडीच्या महागड्या मटणाला हे जमत नाही.

वजडीला मेहनत आहे. गरम पाण्यात बुडवून, चुना लावून, ती पांढरी होईपर्यंत खरवडायची. चार पाण्यांनी धुवायची. जिने वजडी नीट धुतली तिच्या हातचे डोळे मिटून खावे. मग भाजलेला कांदा, खोबरे, खसखस, धने, लाल मिरची पाट्यावर वाटून घालायची आणि वरून भरपूर सांबार. रक्तीला तर एवढीही यातायात नाही. स्वच्छ भांड्यात धरलेले रक्त थिजले की उकडायचे, तुकडे करायचे आणि कांदा-मिरचीवर परतायचे. मुंडीची जीभ वेगळी, जबड्याचे मांस वेगळे आणि भेजा तव्यावर वेगळा. एका मुंडीत घरातल्या चार माणसांच्या चार आवडी भागतात.

आणि या सगळ्याला भाकर ज्वारीचीच पाहिजे. गव्हाची पोळी रश्श्यात लिबलिबीत होते. ज्वारीची भाकर चुरली की रस्सा पिते आणि तरी दाताखाली लागते. भाकर नसेल तर ज्वारीच्या कण्या. सोयाबीनने आपल्या वावरातली ज्वारी हटवली तेव्हा बैलांचा कडबा गेला, हे सगळ्यांनी पाहिले. रश्श्याची जोडीदारीण गेली, याची नोंद कोणी घेतली नाही.

कलेजी कोणाच्या ताटात?

आता मायबहिणींनी नीट ऐकावे आणि भावांनी त्याहून नीट ऐकावे.

2019 ते 2021 मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वर्षे वयाच्या शंभर बायांपैकी 54 जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे या मंडपात बसलेल्या बायांपैकी निम्म्याहून जास्त. कापूस वेचताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती उन्हानेच येते असे समजू नका.

रक्त वाढायला लोह लागते. ज्वारीत ते आहे, पण पोट त्यातले थोडेच घेते. कलेजी, रक्ती, वजडी यांतले लोह अंगी लवकर लागते आणि सोबत खाल्लेल्या भाकरीतले लोहही जास्त घेतले जाते. वरून लिंबू पिळले तर आणखी बरे. जेवणावर लगेच चहा घेतला तर मात्र त्यातला बराच फायदा जातो.

आणि आपल्या घरात होते काय? पहिली पंगत गड्यांची. कलेजी त्यांच्या ताटात. दुसरी पोरांची. शेवटी जिने वजडी चार पाण्यांनी धुतली, पाट्यावर मसाला वाटला, ती पातेले पुसून रश्श्याशी भाकर खाते. ज्याची सगळ्यात जास्त गरज तिला सगळ्यात कमी. बाजार आपल्याशी असा वागतो म्हणून आपण सकाळपासून ओरडत आहोत. तोच न्याय आपण घरात करत असू, तर बाहेर ओरडायचा आपला हक्क किती? कलेजी आधी तिच्या ताटात वाढा. गरोदर बाईने तेवढी कलेजी बेताने खावी. त्यातले अ जीवनसत्त्व फार झाले तर पोटातल्या जिवाला सोसत नाही. वजडी, रक्ती तिला चालते.

एक गोष्ट आणखी. कलेजीत किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेले फोड दिसले तर ती खाऊ नका आणि कुत्र्यापुढेही टाकू नका. त्या फोडांत जंताच्या अळ्या असतात. कुत्र्याच्या पोटात त्याचे जंत होतात, त्यांची अंडी अंगणात पडतात आणि अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्या पोटात जातात. खोल खड्डा करून पुरून टाका.

लाज कशाची आणि कशाची नाही

हे गरिबाचे खाणे, म्हणून पाहुण्यापुढे वाढायची लाज वाटते. या लाजेत दोन गोष्टी मिसळल्या आहेत, त्या वेगळ्या करू.

1927 साली महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा. ते अन्न हक्काचे नव्हते. गावाने तुच्छतेने टाकलेले होते आणि ते घेण्यात माणूसपण जात होते. ते सोडणेच बरोबर होते. शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवर काय शिजत होते ते नोंदवून ठेवले. वजडी, रक्ती शिजवण्याचे कसब ज्यांनी टिकवले, त्यांचेच खाणे गावाने हिणवले. आज आपण हा रस्सा मिटक्या मारत पिऊ, तेव्हा हे विसरता कामा नये.

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी लेकीच्या बारशाला दारू-मटणाऐवजी गोडाचे जेवण दिले, ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे. देवापुढे मुके जनावर कापू नका, सणासाठी कर्ज काढू नका, असे ते कीर्तनातून सांगत. बाबांना मांसाहारच मान्य नव्हता, तेव्हा आजच्या पातेल्यासाठी त्यांचे नाव आम्ही वापरणार नाही. पण कर्जाचा मुद्दा त्यांचाच आहे आणि तो आजही शंभर टक्के खरा आहे. उसनवारी करून दोन बोकडांची पंगत घालण्यात मोठेपणा नाही. लाज वाटायची तर त्या कर्जाची वाटावी, खुरांची नाही.

इटलीतल्या रोम शहरात खाटीकखान्याच्या मजुरांना मजुरीत आतडी, शेपूट, पोट असे उरलेसुरले मिळत असे. त्याला तिथे 'पाचवा पाव' म्हणतात: चार पाव चांगले मटण धनिकांना, पाचवा मजुरांना. आज त्याच वस्तीतल्या खाणावळींत लोक पैसे मोजून तेच खातात. आपल्या शेजारी नागपूरला विणकरांच्या घरातले सावजी जेवण खाणावळीत गेले आणि खूर खायला मोटारी थांबू लागल्या. अन्न तेच. ताटापुढे कोण बसले, तेवढे बदलले.

आता हिशोब

आपल्या वऱ्हाडची बेरारी शेळी पऱ्हाटीच्या पाल्यावर, बाभळीच्या शेंगांवर जगते. पाऊस दगा देतो तेव्हा दवाखान्याचा आणि शाळेचा खर्च तीच भागवते. ती आपण कशी विकतो? व्यापारी दावणीला येतो, पाठीवर हात फिरवतो, नजरेने आकडा सांगतो. आपण मान हलवतो.

समजा बोकड 24 किलोचा आहे. जिवंत वजनाच्या निम्म्याला थोडे कमी मटण निघते, म्हणजे साडेअकरा किलो धरा. मटण 700 रुपये किलो धरले तरी 8,050 रुपये झाले. आणि मुंडी, खूर, कलेजी, वजडी, कातडे? तो पाचवा पाव नजरेच्या भावात कुठेच मोजलेला नसतो. तो फुकट जातो. मग करीच्या दिवशी आपणच तालुक्याला जाऊन तीच मुंडी, तेच खूर पैसे देऊन आणतो.

तेव्हा तीन गोष्टी करायच्या आहेत. एक, बोकड काट्यावर टांगल्याशिवाय भाव बोलायचा नाही. गावात एक काटा वर्गणीतून येतो. दोन, वर्षातून दोनदा तरी गावात पुन्हा वाटे घालायचे. ज्याचा बोकड त्याला पुरा भाव आणि मुंडी-खूर गावात. तीन, धुऱ्याकडेला का होईना, घरच्या भाकरीपुरती ज्वारी पेरायची.

आता भाकरी झाल्या आहेत. खुरांचा रस्सा प्याल्याने मोडके हाड जुळते असे जुनी माणसे म्हणत. तसा दावा आम्ही करत नाही. पण जिभेला बरे वाटेल याची हमी देतो. आजची पंगत वेगळी आहे. पहिल्यांदा मायबहिणी बसतील. भावांनी वाढायला उठावे.