तोंडातली पांढरी बुरशी

‘तोंड आले’ म्हणून आपण सारीच दुखणी एका पोतडीत कोंबतो. तान्ह्याच्या जिभेवरचे दूध ओल्या फडक्याने सहज निघते. खरवडून निघणारा आणि खाली लालभडक उरणारा पांढरा थर बहुधा कँडिडा बुरशीचा. ही पुष्कळ निरोगी तोंडांतही मुकाट्याने नांदत असते. शेजारचे जंतू तिला डोके वर काढू देत नाहीत; प्रतिजैविकांनी ते मेले की तिचे फावते. रात्रीही न काढलेली कवळी, दम्याचा स्टेरॉइड फवारा ओढून चूळ न भरणे, ही आणखी निमित्ते. १९५० साली हेझन आणि ब्राउन या अमेरिकन विदुषींनी मातीतल्या जंतूपासून निस्टॅटिन मिळवले. त्याने बुरशी हटते. पण प्रौढाला ती पुनःपुन्हा होत असेल, तर रक्तातली साखर तपासावी, आणि न लाजता एचआयव्हीचीही तपासणी करून घ्यावी.