जवान आणि शिरस्त्राण



रणांगणातून सुखरूप परतलेल्या वीराने घराजवळच्या रस्त्यावर प्राणास मुकावे, याहून दुर्दैव कोणते? पहिल्या महायुद्धात गाजलेले टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडात, सायकलवरील दोन मुलांना चुकविताना मोटारसायकलवरून फेकले गेले. डोक्यावर शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, नव्हते. सहा दिवसांनी त्यांचे निधन झाले.

त्यांना तपासणाऱ्यांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. दुसऱ्या महायुद्धात लष्करी निरोप पोहोचविणारे अनेक मोटारसायकलस्वार शत्रूची गोळी न लागताच मरण पावत. त्यांचे बहुतेक मृत्यू डोक्याच्या इजेने होतात व हेल्मेटमुळे ती इजा सौम्य होते, असे केर्न्स यांनी १९४१ मध्ये मांडले. त्याच नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने कामावरील स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. पुढे मृत्यू घटले. तेथील नागरिकांना ही सक्ती १९७३ साली लागू झाली. भारतात ती मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ मध्ये आहे.

रजेवर आलेल्या जवानाला दुचाकीची किल्ली देताना घरच्यांनी हेल्मेटही द्यावे. त्याने हनुवटीखालचा पट्टा बांधावा. मोटारीत आसनपट्टा लावावा. सीमेवरून परतलेला मुलगा गावच्या वेशीवर गमावला जाऊ नये.