पासिंगला अडलेला मागचा ब्रेक

बेळगावची भाजी घेऊन चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्या टेम्पोच्या मालकास पासिंगचा दिवस म्हणजे बुडालेला दिवस वाटतो. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे अशा वाहनास योग्यतेचा दाखला नसेल, तर त्याची नोंदणीही वैध मानली जात नाही. म्हणून ‘मागचा ब्रेक सदोष’ असा शेरा पडला की मालक गोंधळतो. गाडी तर कालपर्यंत बरोबर थांबत होती!

थांबत होती हे खरे. पण तिला थांबवीत होते ते बहुतांशी पुढचे ब्रेक. वेगातील गाडीस ब्रेक लागताच तिचा भार पुढच्या चाकांवर झुकतो. त्यामुळे रिकाम्या गाडीत मागचे ब्रेक दुबळे झाले, तरी चालकाच्या पायास ते सहसा उमगत नाही. पाठीवर माल चढला म्हणजे हिशेब बदलतो. मागच्या चाकांनी उचलावयाचा वाटा वाढतो. तो त्यांना उचलता आला नाही, तर घाटाच्या उतारावर पुढच्या ब्रेकांवर पडतो आणि ते तापून निकामी होऊ लागतात. तपासणीचे रोलर डाव्या व उजव्या चाकाचा जोर निरनिराळा मोजतात, म्हणून पायास न कळलेली उणीव तेथे उघडी पडते.

शेरा मिळाल्यावर सर्वांत सोपा, आणि सर्वांत वाईट, उपाय म्हणजे हॅन्डब्रेकची केबल आवळणे. पुष्कळ लहान गाड्यांत ही केबल मागच्याच शूंना ओढते. ती फाजील ताणली की शू मूळ जागी परतत नाहीत, ड्रमला घासत राहतात, आणि झीज आपोआप भरून काढणारा ॲडजस्टर असल्यास त्याचेही काम अडते. आधी शू व ड्रम यांतील अंतर बसवावे. केबलची पाळी त्यानंतर.

ड्रम उतरविल्यावर लायनर ओले दिसले, तर तेल आले कोठून हे पाहिल्यावाचून नवे लायनर चढविणे व्यर्थ होय. पातळ ब्रेक ऑइल असेल, तर व्हील सिलिंडरचे रबर गेले. दाट, उग्र वासाचे तेल असेल, तर आसाचे सील. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसविण्याची काटकसर काही ठिकाणी चालते. मुरलेले तेल उष्णतेने पुन्हा वर येते, एवढेच तिचे फळ. लायनर दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत, नाहीतर दोन चाकांचा जोर सारखा राहत नाही. ड्रममधील भुकटी मात्र फुंकू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

कित्येकदा लायनर कोरडे, ड्रम धड, तरीही जोर उणा. काही मालवाहू गाड्यांत मागच्या आसाजवळ भाराप्रमाणे दाब कमी-अधिक करणारा व्हॉल्व्ह असतो. चिखलाने गंजून तो रिकाम्या गाडीच्या स्थितीत अडकला, तर भरल्या गाडीसही मागे अपुराच दाब पोहोचतो. चांगले मिस्त्रीही येथे वाकून पाहावयाचे विसरतात.

सर्व जोडून, नळ्यांतील हवा काढून, गाडी मोकळ्या सपाट रस्त्यावर थोडी चालवावी, चार-सहा वेळा हळूहळू थांबवावी आणि मग दोन्ही ड्रमांजवळ, स्पर्श न करता, हात धरावा. एकीकडे धग आणि दुसरीकडे गारवा लागला, तर पासिंगचा रस्ता धरण्यापूर्वी ती चाके पुन्हा उतरवावीत.