श्रेणी : विश्वासाची पेढी



नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा एक आर्थिक व्यवहार कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याने तेथे वर्षावास करणाऱ्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ती राजकोशात गेली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे सोपविली गेली. एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, केवळ व्याज उपभोगायचे. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज २४०. त्यातून वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविला गेला.

राजाचा जावई आपले द्रव्य मागावर बसणाऱ्यांच्या हाती निःशंकपणे सोपवितो, यातच ‘श्रेणी’ या शब्दाचा मर्मार्थ आहे. श्रेणी म्हणजे एका व्यवसायातील लोकांचा स्वयंशासित संघ. तिचे नियम राजालाही मान्य करावे लागत. स्मृतिकारांनी न्यायदानाच्या क्रमात कुल आणि राजा यांच्यामध्ये श्रेणीला स्थान दिले. समूहाचे धन हरण करणाऱ्यास याज्ञवल्क्यांनी सर्वस्वहरण व हद्दपारी सांगितली आहे. एवढी कठोर शिस्त होती, म्हणूनच एवढी पत होती.

या संघांची दृष्टी केवळ नफ्यापुरती नव्हती. जुन्नरला धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याची पोढी दान दिली. लाट देशातून दशपुरात, म्हणजे आजच्या मंदसोरला गेलेल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीने इ. स. ४३६च्या सुमारास सूर्यमंदिर उभारले आणि इ. स. ४७३च्या सुमारास त्याचा जीर्णोद्धारही केला.

मात्र गौरवगानात एक सत्य विसरता कामा नये. पुढे व्यवसाय जन्माला जखडला गेला, संघाचे दार कौशल्याऐवजी कुळ पाहून उघडू लागले, आणि ज्या हातांनी समाज घडविला त्यांनाच समाजाने खालच्या पायरीवर बसविले. श्रेणीचे पुनःस्मरण करायचे तर हा दोष वगळूनच केले पाहिजे.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांतील कारागिरांना सवलतीच्या ५ टक्के व्याजाने ३ लाखांपर्यंत कर्जाची तरतूद झाली. शासन भांडवल देऊ शकते; परस्परविश्वास मात्र कारागिरांनी एकत्र येऊनच उभा करावा लागतो. आपल्या गावातील सुतार, कुंभार, विणकर आज एकेकटा उभा आहे. त्यांना जातीपलीकडच्या संघात बांधणे आणि त्या संघाचा हिशेब गोवर्धनच्या फलकाप्रमाणे चारचौघांत वाचला जाईल असे पाहणे, हे समाजाचे काम आहे. आणि समाज म्हणजे आपणच.